खाज्याचा दर आणि देवाचा कौल

वयनी, तेलाचा डबा परत वाढला. दुकानदाराने भाव सांगितला आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "थांबा हां, वयनीला विचारते." मी तिथल्याच एका पोत्यावर बसले. तू जाऊन पंचवीस दिवस झाले, आणि मी अजून तुझ्या परवानगीशिवाय तेल घेत नाही. आता बोल.

लोक येऊन भेटून जातात. म्हणतात, तुमच्या जाऊबाई म्हणजे देवमाणूस. मी मान हलवते, चहा ठेवते. मनात म्हणते, देवमाणूस? चोवीस वर्षं हिच्याबरोबर एका कढईवर खाजं केलंय मी, मला विचारा. हट्टी म्हणजे किती हट्टी! एकदा नाही म्हटलं की गाव पालथं झालं तरी नाहीच. तुझं कौतुक करायला आख्खी वाडी बसलीय, त्यात माझी भर नको. माझं तुझ्याशी भांडण अर्धं राहिलंय आणि भांडायला समोर कुणी नाही, म्हणून हे लिहितेय.

मी या घरात आले तेव्हा तुझा धंदा उभा होता. थोरले भावोजी लवकर गेले आणि तू जत्रेत खाज्याचं दुकान मांडायला लागलीस. कार्तिकात पहिली जत्रा, मग शिवरात्रीपर्यंत आज या गावाला, परवा त्या गावाला. आमचे हे टेम्पो चालवायचे, आपण दोघी मागे पोत्यांवर बसून. काम वाटून घेतलेलं होतं. बेसनाच्या जाड काड्या तळायच्या माझ्या, गुळाचा पाक तुझा. पाकात आल्याचा रस घालून काड्या त्यात घोळवत राहायच्या, गूळ अंगाला वाळून पांढुरका दिसेपर्यंत. ते घोळवणं कुणाच्या हाती द्यायची नाहीस तू. माझ्याही नाही, पहिली सात-आठ वर्षं.

पहिल्या वर्षी मी तुला अहो-जाहो करायचे, आठवतं? थोरली जाऊ, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी, भीतीच वाटायची. मग एका दुपारी पाक करपायला आला आणि तू पाठमोरी कुणाशी तरी बोलत होतीस. मी ओरडले, "गो वयनी, उतर ता आधी!" तू उतरवलंस, माझ्याकडे वळून बघितलंस. मला वाटलं, आता खैर नाही. तर म्हणालीस, "आता बरा बोललंस. त्या तुमी-तुमीत माजो पाक जळतलो होतो." तेव्हापासून तू माझी 'तू' झालीस. आणि तेव्हापासून भांडणंही सुरू झाली, हे ओघाने आलंच.

सगळ्यात मोठं भांडण कौलाचं. आपल्याकडे कौल सगळेच लावतात. विहीर कुठे खणायची, मुलीचं या घरात जमवायचं की नाही, असल्या गोष्टी गावच्या रवळनाथाला विचारतात. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, देवापुढे प्रश्न ठेवतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. ते मलाही मान्य. पण खाज्याचा दर देवाला विचारणारी बाई उभ्या मालवणात तू एकटीच असशील. दर वर्षी पहिल्या जत्रेच्या आधी न्हाऊन-धुऊन, नारळ घेऊन तू देवळात जायचीस. मी घरी तळणात अडकलेली. तू परत यायचीस, पाय धुवायचीस आणि सांगायचीस, "उजवो दिल्यान," किंवा, "ह्या वर्सा नाय." बस. त्यावर चर्चा नाही.

"देव काय खाजा इकत घेता?" मी विचारायचे.

"घेयत नाय. पण जत्रा कोणाची? तेची. तेच्या अंगणात बसान आमी लोकांच्या खिशात हात घालतंव. तेका इचारल्याशिवाय घालूचो नाय."

तेव्हा मी नुसती धुसफुसायचे आणि काड्या जरा जास्तच लाल तळायचे.

पण वयनी, भाव काय कौल बघून चढत नाहीत. तेल चढलं, गूळ चढला, टेम्पोचं डिझेल चढलं, जत्रेतली जागा महाग झाली. त्यात तो कर. तुला तो कर समजावून सांगण्यात माझी निम्मी हयात गेली. तू मोठ्या तोऱ्यात सांगायचीस की आपण लहान माणसं, आपल्याला जीएसटीचा नंबर लागत नाही, आपण कुणाचा कर भरत नाही. मी कपाळाला हात लावायचे. "भरतंव गो, भरतंव! गॅसच्या शिलिंडरावर शेकड्याक अठरा भरतंव. तेलावर भरतंव, खोक्यांवर भरतंव. कारखानेवालो भरता तो तेका नंतर वळता करून गावता, कारण तेच्याकडे नंबर आसा. आमच्याकडे नंबर नाय, म्हणान आमी गिळतंव."

तू पाकातून डोकं वर न काढता म्हणालीस, "मगे गिळ. गुळावांगडा गिळ, कडू लागाचा नाय."

मला इतका राग आला होता! आणि इतकं हसू आलं होतं की तळणातला झारा बाजूला ठेवून मी मागच्या दारी जाऊन हसले. तुझ्यासमोर हसले असते तर भांडण तू जिंकलीस असं झालं असतं.

मग ते आल्याचं वर्ष. आलं असं काही भडकलं होतं की बाजारात बायका तुकडा उचलून परत ठेवत होत्या. मी म्हटलं, आता तरी देव ऐकेल. तू गेलीस, आलीस, "नाय म्हणता." झालं! दर तोच, आलं दुप्पट. मी काय केलं ते तुला माहीत आहे, पण आपण त्यावर कधी बोललो नाही. तू पाण्याला गेली होतीस तेवढ्यात मी एका घाण्याला आल्याचा रस निम्मा घातला. तू आलीस, एक काडी तोंडात टाकलीस, चावलीस. माझ्याकडे बघितलंस आणि परत कढईकडे वळलीस. जत्रेत मात्र ती परात वेगळी मांडलीस. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागलीस, "ह्या पोरांचा खाजा. तिखट लागाचा नाय. घेवा, सवाय आसा." आणि खरंच कमी दरात विकलंस ते.

ओरडली असतीस तर मी उलट ओरडले असते आणि मामला तिथेच मिटला असता. त्याऐवजी दोन जत्रा मला मान खाली घालून तळावं लागलं. पुढच्या वर्षी गंमत झाली. बायका पोरं घेऊन आल्या आणि विचारायला लागल्या, ते पोरांचं खाजं कुठे आहे? मी तुझ्या कानात म्हटलं, "बग, माजो माल खपलो." तू इतकी हसलीस की हातातल्या तागडीचा तोल गेला आणि गिऱ्हाइकाला चार काड्या जास्त गेल्या. तेव्हा मला कळलं की तू माफ केलंस. तोपर्यंत माहीत नव्हतं.

आता त्या दिवसाकडे येते. इथपर्यंत मी जरा लांबून लांबून चालतेय, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तीन वर्षांपूर्वी आपल्या हातात काही उरेना झालं. चार महिने भट्टीपुढे उभं राहायचं आणि शिवरात्रीनंतर हिशोब केला की पुढच्या हंगामाचं बेसन घेण्यापुरतंसुद्धा नाही. कणकवलीला हायवेवरचा एक दुकानदार आपलं खाजं खोक्यांत भरून घ्यायला तयार होता, जत्रा संपल्यावरसुद्धा. पण त्याला पक्कं बिल हवं होतं, म्हणजे नंबर हवा होता. आणि त्याच वेळी तारकर्लीच्या एका हॉटेलातून मला स्वयंपाकघरात कामाला बोलावणं आलं. महिन्याच्या महिन्याला पगार. पंख्याखाली काम. रविवारी नाही, पण आठवड्यातून एक दिवस सुट्टी.

मी अंगणात तुझ्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं. दर वाढवायचा, नंबर घ्यायचा, खोकी द्यायची. नाहीतर मी चालले.

तू म्हणालीस, "कौल लावतंय."

आणि माझं डोकं फिरलं. "कौल! तुज्या देवाक बेसनाचो भाव ठावक आसा? आणि तू थंय आत जावन काय इचारतंस ता तरी कोणाक ठावक! मी काय बगूक येतंय? तुका दर वाढवूचोच नसतलो, म्हणान येवन डावो सांगतंस!"

वयनी, तुझा चेहरा मला अजून दिसतो. कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला होता. घोळवायची परात उचललीस आणि आत गेलीस. मला तेव्हाच कळलं होतं की मी नको ते बोलले. तुझ्या खरेपणावर या गावात आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, मी ठेवलं. माफी मागायला हवी होती. उद्या मागू, परवा मागू, करत तीन वर्षं गेली. मी तुझ्यासाठी चहात साखर जास्त घातली, तुझी औषधं आणली, तुझे पाय चेपले. "चुकलंय" हा एक शब्द मात्र जिभेवर आला नाही. आता तू नाहीस आणि तो शब्द इथे कागदावर लिहिणं किती सोपं जातंय बघ. चुकलंय गो वयनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू देवळात गेलीस. दर वेळी तासाभरात यायचीस, त्या दिवशी दुपार केलीस. मी हातात झारा घेऊन दारात. तू पाय धुतलेस, पदराने तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "उजवो दिल्यान. दर वाढय. नंबर पण घे. वृंदा, तू खंय जाव नको."

मी लहान मुलीसारखी नाचले. नाचले म्हणजे खरंच दोन उड्या मारल्या, गुडघे दुखत असताना. तू त्या दिवशी जेवली नाहीस. सोमवार धरलाय म्हणालीस, आजपासून. मला वाटलं, देवाने ऐकलं म्हणून धरला असेल. पुढे दर सोमवारी मी तुला चिडवायचे. "वयनी, महागाईवर ह्यो चांगलो उपाय काडलंस! एका दिवसाचा जेवाण वाचला." तू हसायचीस आणि पाणी प्यायचीस.

मग आपण दोघी कणकवलीला कराचं काम बघणाऱ्या मॅडमकडे गेलो. तू नऊवारीवर शाल घेतली होतीस, एसी आहे म्हणून कुणीतरी सांगितलेलं. मॅडमने फॉर्म काढला आणि विचारलं, मालक कोण? मी तुझ्याकडे बोट केलं. तू ऑफिसातलं ठेवणीतलं मराठी काढलंस, एकेक शब्द पोळपाटावर लाटल्यासारखा. "मालकीण ही आहे. वृंदा. मी आपली पाक बघते." मी म्हटलं, अगो, धंदा तुझा आहे. तू माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की मी गप्प सही केली. बाहेर आल्यावर म्हणालीस, "माका त्या मोबाईलचे आकडे सांगूक येणत नाय, म्हणान तुजा नाव घातलंय. उगाच फुगू नको." बरं. मी फुगले नाही. घरी येईपर्यंत तीनदा पर्समधला तो कागद काढून बघितला, एवढंच.

आणि मग नंबरने तुला जी करमणूक पुरवली! पावसाळ्यात आपलं काम बंद, जत्रा नाही, खोक्यांची मागणी नाही. तरी मॅडमचा फोन, रिटर्न भरा, नाहीतर दंड बसेल. तू थक्क. "धंदो नाय झालो, ता पण सांगूचा?" हो, शून्य म्हणून सांगायचं. "आणि शून्य सांगाक उशीर झालो तर दंड?" हो. मी धरून चालले होते की आता सरकारची आई-बहीण निघणार. तर म्हणालीस, "बरोबर आसा. काय नसला तरी येवन सांगूचा, काय नाय म्हणान. ह्या तर आमच्या देवळासारख्या झाला." त्यानंतर पावसाळ्यात मला आठवण तूच करायचीस, वृंदा, शून्य सांगितलंस काय?

जत्रेत बिलबुक घेऊन बसायला तुला फार आवडायचं, हे कबूल कर. पाव किलो घेणाऱ्याला सुद्धा विचारायचीस, "बिल व्हया?" एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, खाज्याचं कसलं बिल? तू छाती काढून सांगितलंस, "सरकारी आसा." आजूबाजूचे खाजेवाले हसले. हसू देत. दर पावाला दहा रुपये वाढवला तेव्हा दोन-चार जुनी गिऱ्हाइकं तुटली, ती तुटलीच. एक बाई भांडून भांडून गेली आणि संध्याकाळी येऊन अर्धा किलो घेऊन गेली. खोकी जायला लागली. गॅसवर, खोक्यांवर भरलेला कर वळता मिळायला लागला. मिळाला म्हणजे काही बंगला बांधला नाही आपण. पण दुसरी शेगडी आली. वाडीतल्या दोघी बायका हाताखाली आल्या, त्यांच्या घरात चार पैसे जायला लागले. शिवरात्रीनंतर पुढच्या हंगामाचं बेसन घेऊन थोडं वर उरायला लागलं, आणि त्या थोड्यातून आपण दोघी एकदा बसने शिरोड्याला गेलो. समुद्र आपल्या दारात असताना दुसऱ्याचा समुद्र बघायला! तू वाळूत बसून शहाळं प्यायलीस आणि म्हणालीस, "हयचो समुद्र पण खारोच आसा." माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची दुपार असेल. तुला सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, मगे तुज्या घोवाक काय वाटात?

आणखी एक सांगितलं नाही. त्या हॉटेलवाल्याचा नंतर दोनदा फोन आला होता. पगार वाढवून देतो म्हणाला. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं, आणि दुसऱ्यांदा तर जरा तोऱ्यात म्हटलं, की माझा स्वतःचा धंदा आहे, माझ्याकडे नंबर आहे. तू आत घोळवत होतीस. ऐकलंस की काय कोण जाणे.

तर आता हे पंचवीस दिवस. सुतक फिटलं. पहिली जत्रा तोंडावर आलीय. तेल चढलंय, आलं परत तसंच वर जायला लागलंय. त्या दोघी बायका रोज येऊन बसतात आणि विचारतात, वृंदावयनी, या वर्षी करायचं ना? मी त्यांना हो म्हणत होते, पण माझा मलाच भरवसा नव्हता. पाक कोण बघणार? तळण मला डोळे मिटून येतं, पण तुझ्याशिवाय मी पाकाला हात लावलाय तो चार-पाचदा. काल घाबरत घाबरत एक घाणा केला. बरा झाला. तुझ्यासारखा नाही, पण बरा. आणि मग आज सकाळी न्हाऊन, नारळ घेऊन मी देवळात गेले. माझा त्या कौलावर विश्वास बसला म्हणून नाही हां, उगाच खूश होऊ नकोस. तू गेली असतीस, म्हणून गेले.

आबा गुरव एकटेच होते. मला बघून त्यांनी हात धुतले. फुलं घेतली, पाकळ्या खुडल्या, ओल्या केल्या. एक पाकळी लावली आणि थांबले. तसेच पाठमोरे उभे राहिले.

"वृंदा, एक सांगूचा आसा. सुमतीन, तुज्या जावेन, माका शपथ घातलली, तुका सांगूचा नाय म्हणान. आता ती नाय. शपथ माज्या मानेवर ठेवन मी तरी खंय जाव?"

मला वाटलं, कुठे काही देणं-घेणं राहिलं असेल. मी म्हटलं, "सांगा आबा."

"त्या वर्सा तुमचो नंबर घेवचो होतो, तेव्हाचो कौल. डावो पडललो."

मी म्हटलं, नाही, उजवा. ती मला स्वतः येऊन सांगून गेली.

"डावो," आबा म्हणाले. "तिना परत लावूक सांगितल्यान. परत डावो. तिसऱ्यांदा लावलंय. डावोच. मगे ती हय, तुज्या पायाकडे आसा त्या फरशीर बसली. खूप येळ बसली. मगे उठली आणि देवाक म्हणता कशी, 'म्हाराजा, तू दिलंस ता खरा असतला. पण ह्या मी घराकडे जावन सांगलंय तर ती जातली. ती गेली तर माजा कोण नाय. तू डावो दिलंस, मी उजवो सांगतलंय. ह्यो दोष माका लाव. तिका लावू नको, तिका ह्यातला काय ठावक नाय. मी तुजे सोमवार धरतलंय.' इतक्या बोलली आणि गेली. चाळीस वर्सां मी हय कौल लावतंय, वृंदा. देवाच्या तोंडार असा कोण बोलाक नाय."

वयनी, मला आधी रडू आलं नाही. आधी राग आला, असा की नारळ हातातून सुटला. तू! तू, जिला मी खोटं सांगतेस म्हणाले, ती तू उभ्या जन्मात एकदाच खोटं बोललीस, तेही मी म्हटल्यानंतर, तेही माझ्यासाठी, तेही देवाच्या नावावर. आणि तीन वर्षं दर सोमवारी उपाशी बसलीस, आणि मी समोर बसून माशाची कढी भुरकत तुला चिडवत होते, जेवण वाचलं म्हणून! एकदा तरी पाण्याचा तांब्या फेकून मारायचा होतास. हसतेस काय? माझं कोण नाही, असं देवाला सांगितलंस. मला कधी सांगितलं नाहीस. मला सांगितलं असतंस तर दर न वाढवता, नंबर न घेता, फुकट तळत राहिले असते मी. कुठे जाणार होते? तारकर्लीला? तुझ्या पाकाशिवाय माझ्या तळणाला काय अर्थ आहे, हे तुला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. दोघी सारख्याच शहाण्या.

मग रडले. आबा खांबाकडे तोंड करून उभे राहिले, भला माणूस. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मगे काय इचारू? दराचाच मा?"

मी डोळे पुसले. "दराचा इचारू नकात. दर मी ठरयलंय. पावाक दहा रुपये वाडतले, आल्याचो रस पुरो पडतलो. ती पाकळी काडा, आबा. गाऱ्हाणा घाला."

"कसला?"

मी सांगितलं. आबांनी पाकळी काढून ठेवली. म्हणाले, असलं गाऱ्हाणं मी कधी घातलेलं नाही. मी म्हटलं, असलं खोटं तरी कुठे कुणी बोललं होतं? ते हसले, त्यांनी नारळ उचलला, देवाकडे तोंड केलं आणि आवाज चढवला.

"बा रवळनाथा म्हाराजा! तुज्या जत्रेत खाजा इकणारी सुमती तुज्या नावार एक खोटा बोलली. कशाक बोलली ता तुका ठावक आसा, आता हिकाय कळला. धंदो हिच्या नावार झालो, सुख हिना भोगलान. मगे तो दोष सुमतीच्या पदरातसून काड म्हाराजा, आणि ह्या तिच्या जावेच्या, वृंदाच्या पदरात घाल. हिची तक्रार नाय. आणि सुमतीक तुज्या पायाकडे मोकळी बसय, पोटभर जेवक घाल, सोमवार असलो तरी!"

आबा थांबले. गाऱ्हाणं घातलं की मागे उभ्या असलेल्या माणसांनी होकार द्यायचा असतो, त्याशिवाय ते पुरं होत नाही. देवळात दुसरं कुणीच नव्हतं.

मी पदर पुढे पसरला आणि एकटीनेच म्हटलं, "व्हय म्हाराजा!"